केमोचे पहिले एकवीस दिवस : बरं वाटतं तेव्हाच जास्त जपायचं

स्तनाच्या कर्करोगासाठी पहिल्या केमोची तारीख मिळाली की अख्ख्या घराचं लक्ष त्या एका दिवसावर खिळतं. सोबत कोण जाणार, डबा काय न्यायचा, उलट्या झाल्या तर काय करायचं. प्रत्यक्षात तो दिवस बऱ्याच जणींना धरून चालल्यापेक्षा सोपा जातो. त्रास सुरू होतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. आणि खरा धोका ज्या दिवसांत असतो, त्या दिवसांत त्रास जवळजवळ संपलेला असतो. साधारण आठव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत मळमळ थांबते, भूक लागते, बाई उठून स्वयंपाकघरात जाते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. ही गोष्ट डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीत लिहिलेली असते. ती घरात सगळ्यांना नीट कळायला हवी, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

केमोचे प्रकार बरेच आहेत. इथे आपल्याकडे फार वापरला जाणारा एक धरते : फाईलवर ज्याला ‘एसी’ लिहितात तो. डॉक्सोरुबिसिन म्हणजेच अॅड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, दर २१ दिवसांनी एकदा, अशा चार सायकल. त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल, बहुतेक वेळा दर आठवड्याला एक असे बारा डोस. कुणाला हे ऑपरेशनच्या आधी देतात, कुणाला नंतर. तुमच्या फाईलवर दुसरी नावं असतील तर दिवसांचं गणितही बदलेल, तेव्हा आधी फाईल उघडून नाव बघा.

डोस उंची आणि वजनावरून काढतात. उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ५५ किलो असेल तर शरीराचं क्षेत्रफळ सुमारे १.५२ चौरस मीटर येतं. डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ९० मिलिग्रॅम. सायक्लोफॉस्फामाइड चौरस मीटरला ६००, म्हणजे साधारण ९००. म्हणूनच प्रत्येक वेळी सिस्टर वजनकाट्यावर उभं करतात. चपला आणि जाड स्वेटर काढून उभं राहा.

सुरू करण्याआधीच्या तपासण्यांमध्ये टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, असतेच, कारण डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतं. आयुष्यभरात मिळून चौरस मीटरला सुमारे ४५० मिलिग्रॅमच्या पुढे हा धोका झपाट्याने वाढतो. चार सायकलमध्ये २४० होतात. पूर्वी दुसऱ्या कुठल्या आजारासाठी हे औषध घेतलं असेल तर ते न विचारता सांगा. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, हे विचारून घ्या. तो विषाणू अंगात शांत पडून असेल तर केमोत उसळू शकतो, आणि त्यासाठी आधीपासून गोळी सुरू करता येते. किडलेला दात, हलणारी कॅप, हिरड्यांतला पू हेही पहिल्या केमोच्या आधीच निस्तरायचं, कारण मध्येच दात काढायची वेळ आली तर काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, बघून थांबावं लागतं. आणि वय कमी असेल, पुढे मूल हवं असेल, तर स्त्रीबीजं गोठवून ठेवण्याबद्दल किंवा अंडाशयाला विश्रांती देणाऱ्या महिन्याच्या इंजेक्शनबद्दल पहिल्या सलाईनच्या आधी बोलावं लागतं. हा विषय डॉक्टर घाईत काढायचे राहिले तर तुम्ही काढा. पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात, म्हणून केमो चालू असताना, आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, निरोध वापरायचा.

केमोच्या दिवशी उपाशी जाऊ नका. मऊ भात, इडली, उपमा असं हलकं काहीतरी खाऊन जा. मात्र त्या दिवशी आपला सगळ्यात आवडता पदार्थ खाऊ नका. मळमळ आणि तो पदार्थ यांची मेंदूत अशी सांगड बसते की पुढे कित्येक महिने तो समोर नको वाटतो. पुरणपोळी, मासे, आईच्या हातची आमटी, जे जीव की प्राण असेल ते या काळासाठी बाजूला राहू द्या. कपडे सैल बाह्यांचे घाला. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातात सुई लावायला देऊ नका. सिस्टर बदलतात, घाई असते, तेव्हा दरवेळी आपणच आठवण करून द्यायची.

आधी अर्धा-पाऊण तास उलटीविरोधी औषधं सलाईनमधून जातात. मग येते ती लाल सिरिंज. ९० मिलिग्रॅम म्हणजे ४५ मिलिलिटर, सरबतासारखा गडद लाल रंग. हे औषध अनेक ठिकाणी बाटलीत टांगून सोडत नाहीत. सिस्टर शेजारी बसून, बाजूने साधं सलाईन चालू ठेवून, हाताने हळूहळू ढकलतात, मध्ये मध्ये दट्ट्या मागे ओढून नळीत रक्त येतंय का बघतात. एवढी सावधगिरी अशासाठी की हे औषध शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस भाजल्यासारखं जळतं, आणि जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही. म्हणून त्या दहा-पंधरा मिनिटांत हात हलवायचा नाही, मोबाईल बघायचा नाही, झोपायचं नाही. सुईपाशी आग झाली, टोचलं, फुगलं, ताण वाटला, की लगेच बोलायचं. ‘थोडं दुखणारच’ म्हणून गप्प बसणाऱ्या बायका खूप असतात, आणि इथे गप्प बसणं सगळ्यात महागात पडतं. शिरा बारीक असतील तर छातीत बसवतात तो केमो पोर्ट किंवा दंडातून घालतात ती पिक लाईन, यांबद्दल दुसऱ्या सायकलची वाट न बघता विचारा. सोळा वेळा सुई शोधण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

हे औषध मुळात मातीतल्या जिवाणूपासून आलेलं आहे. इटलीत कास्तेल देल मोन्ते किल्ल्याजवळच्या मातीत त्या जिवाणूचा शोध लागला, लाल रंग त्यानेच तयार केलेला, आणि जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून अॅड्रियामायसिन हे नाव पडलं. तोच रंग त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लघवीत उतरतो. ते रक्त नाही, घाबरू नका. तिसऱ्या दिवसानंतरही लघवी लाल असेल, किंवा जळजळ होऊन लाल होत असेल, तर मात्र कळवायचं, कारण सायक्लोफॉस्फामाइडचे अंश मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला इजा करतात. त्यावर उपाय म्हणजे पाणी. दोन दिवस अडीच ते तीन लीटर, आणि दर दोन-तीन तासांनी लघवी, रात्री झोपण्याआधी तर नक्कीच. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिले ४८ तास संडासात दोनदा पाणी सोडा, कमोड असेल तर झाकण लावून. उलटीचं भांडं किंवा खराब झालेली चादर धुताना हातमोजे घाला. घरात कुणी गरोदर असेल तर तिला या कामात हात घालू देऊ नका. बाकी, केमो घेणाऱ्या बाईजवळ बसायला, तिला मिठी मारायला, एका टेबलावर जेवायला कसलीच भीती नाही. केमो संसर्गाने लागत नाही.

आता उलटीच्या गोळ्या. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या टाळता येण्यासारख्या आहेत. ‘एसी’ ही जोरदार उलट्या आणणाऱ्या केमोंपैकी आहे, म्हणून एकाच वेळी तीन-चार औषधं दिलेली असतात. प्रत्येक औषध वेगळ्या वाटेने काम करतं. अॅप्रेपिटंटच्या तीन कॅप्सूल असतात, पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅमची आणि पुढचे दोन दिवस ८०ची. पहिल्या दिवशी उलटी झाली नाही म्हणून ‘गरज नाही’ असं ठरवून उरलेल्या दोन पाकिटात ठेवून देतात, आणि तिसऱ्या दिवशी आतडी पिळवटून निघतात. या केमोची मळमळ उशिराची असते, दुसऱ्या ते पाचव्या दिवसाची. त्या कॅप्सूल त्याच दिवसांसाठी आहेत.

डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. ते सकाळी नाश्त्यानंतर घ्यावं. संध्याकाळी घेतलं की रात्रभर डोळे टक्क उघडे. त्याने चेहरा लाल होतो, पित्त वाढतं आणि साखर चढते. मधुमेह असेल तर त्या तीन-चार दिवसांत घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळी आणि जेवणानंतर साखर बघा. २५० ते ३००च्या पुढे जात असेल तर फोन करा. रात्रीची ओलान्झापिन मळमळीवर फार गुणकारी आहे. पण घरातलं कुणीतरी मोबाईलवर नाव शोधतं, तिथे मानसिक आजारावरचं औषध असं दिसतं, आणि गोळी बंद होते. ते औषध तिकडेही वापरतात हे खरं. केमोत मात्र ते कमी डोसमध्ये, थोडे दिवस, फक्त उलटीसाठी दिलेलं असतं. सकाळी फारच गुंगी राहत असेल तर डोस कमी करता येतो का विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २.५ मिलिग्रॅमचा डोस १० मिलिग्रॅमइतकाच उपयोगी ठरला, आणि गुंगी कमी आली.

ऑन्डॅनसेट्रॉन आणि त्याच्या भावंड औषधांनी डोकं दुखतं आणि शौचाला खडा होतो. चार दिवस पोट साफ न झाल्यावर जो त्रास होतो तो कधी कधी केमोपेक्षा वाईट, आणि मूळव्याध असेल तर बघायलाच नको. म्हणून वाट न बघता पहिल्या रात्रीपासून डॉक्टरांनी सांगितलेलं रेचक सुरू करा. इसबगोल घेणार असाल तर भरपूर पाण्याबरोबर. पाणी कमी पडलं तर तेच आत घट्ट होऊन बसतं. काउंट खाली असताना एनिमा किंवा गुदद्वारातून घ्यायची गोळी अजिबात नको. तिथली बारीकशी चीर जंतूंना रक्तात जायचा रस्ता होते.

तोंड पाचव्या-सहाव्या दिवसापासून हुळहुळं होतं. एक लीटर पाणी उकळून गार करा, त्यात सपाट एक चहाचा चमचा मीठ आणि तेवढाच खायचा सोडा विरघळवा. दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपण्याआधी, या पाण्याने चुळा भरा. पाणी रोज नवं करा. ब्रश लहान मुलांचा, मऊ. जाहिरातीतले झोंबणारे माउथवॉश नकोत, त्यातल्या अल्कोहोलने तोंड अजून कोरडं पडतं. तोंडात पांढरे चट्टे उठले तर ती बुरशी असू शकते आणि तिला वेगळं औषध लागतं.

केमोनंतर २४ तास उलटले की पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन देतात, सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणींना. एक प्रकार रोज काही दिवस घ्यायचा, दुसरा ६ मिलिग्रॅमचा, सायकलमध्ये एकदाच. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. एसटीने गावी नेताना थर्मासमध्ये किंवा गार पिशवीत न्या, पण बर्फाला चिकटून ठेवू नका. गोठलं की वाया गेलं. फ्रीजमध्येही फ्रीजरच्या खालच्या फळीवर नको. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढा आणि हलवू नका. नंतर दोन-तीन दिवस कंबर, ओटीपोटाची हाडं, छातीचं मधलं हाड ठणकतं, कारण रक्तपेशी तयार करणारा हाडांतला मगज तिथेच जोमाने कामाला लागलेला असतो. आणि हे घेऊन केलेल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी तीस-चाळीस हजार दिसल्या तर तो इंजेक्शनचा परिणाम असू शकतो. रिपोर्ट डॉक्टरांना पाठवा, नवीनच आजार झाला म्हणून रात्र जागून काढू नका.

मग येतो तो दुसरा आठवडा.

रिपोर्ट बघायला शिका. समजा पांढऱ्या पेशी २,१०० आणि त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, २० टक्के. गुणाकार करून शंभरने भागा : ४२०. हा आकडा ५००च्या खाली असेल तर अंगातल्या पहारेकऱ्यांची जवळजवळ सगळी फळी रिकामी आहे. अशा वेळी जंतू बाहेरूनच येतात असं नाही. आपल्याच तोंडातले, आतड्यातले, एरवी गुण्यागोविंदाने राहणारे जंतू रक्तात शिरतात. पू होत नाही, सूज येत नाही, खोकला फारसा येत नाही, कारण पू करायलाही पांढऱ्या पेशीच लागतात. खूण एकच राहते, ताप.

म्हणून डिजिटल थर्मामीटर उशाशी हवा. रोज दोनदा, आणि अंगात कणकण वाटली, थंडी वाजली की लगेच. तोंडात लावत असाल तर चहा पिऊन पंधरा मिनिटं होऊ द्या. काखेत लावला तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो हे लक्षात ठेवा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, दिसला की रुग्णालय गाठायचं. रात्रीचे दोन असोत, रविवार असो, बाहेर धो धो पाऊस असो. आधी क्रोसिन घेऊन ‘सकाळी बघू’ हे वाक्य या घरात कुणी उच्चारायचं नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो आणि जंतू तसेच वाढत राहतात, आणि सकाळपर्यंत रक्तदाब घसरलेला असू शकतो. हाडं दुखतात म्हणून पॅरासिटामॉल घेणार असाल तरी आधी ताप मोजा, आकडा वहीत लिहा, मग गोळी. ताप नसतानाही हुडहुडी भरली, बोलण्यात गोंधळ झाला, धाप लागली, हातपाय गार पडले, तरी तेवढंच तातडीचं समजा.

कॅज्युअल्टीत गेल्यावर रांगेत बसू नका. पहिलं वाक्य असं असू द्या : ‘केमो चालू आहे, आज अकरावा दिवस, ताप १०१ आहे.’ तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. हे वाक्य, औषधांची नावं, केमोची तारीख आणि केमो-केंद्राचा फोन एका चिठ्ठीवर लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवा, एक प्रत पर्समध्ये ठेवा. केमो मुंबई-पुण्याला आणि घर तालुक्याच्या गावी असेल, तर रात्री रक्त तपासून सलाईन लावणारं जवळचं रुग्णालय आधीच बघून ठेवा, आणि आपल्या ऑन्कॉलॉजिस्टकडून तिथल्या डॉक्टरांच्या नावे पत्र आणा. तापातच सहा तासांचा प्रवास करून मूळ रुग्णालयात येण्याचा हट्ट अनेकदा घातक ठरतो. आधी जवळ औषध सुरू होऊ द्या.

याच आठवड्यात पाहुणे येतात, कारण ‘आता बरी दिसतेय’. त्यांना फोनवर बोलवा, किंवा तिसऱ्या आठवड्यात या म्हणावं. घरातल्या मुलाला कांजिण्या किंवा सर्दी-ताप असेल तर त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, आणि कांजिण्यांशी संपर्क आला असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. हळदीकुंकू, लग्नाचा हॉल, गणपतीतली गर्दी टाळा. साबणाने हात धुण्याइतका उपयोगी दुसरा उपाय नाही, आणि तो आधी घरच्यांनी करायचा.

जेवणात ताजं, गरम, नीट शिजलेलं. मोड आलेली मटकी छान, पण उसळ करून, कच्ची भेळीत नको. बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं, उसाचा रस, पाणीपुरी काही दिवस बंद. केळं, मोसंबं घरी धुऊन सोलून खायला हरकत नाही. अंडं पूर्ण उकडलेलं. दह्याताकाबद्दल रुग्णालयागणिक वेगळं सांगतात. आपल्या डॉक्टरांनी सांगितलं तेच धरा. मळमळीच्या दिवसांत फोडणीचा वास सोसत नाही, तेव्हा स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा, आणि तिला जेवण थोडं निववून द्यावं, गार अन्नाला वास कमी असतो. तोंडाला धातूची चव येते तेव्हा आमसुलाचं सार, लिंबू, आल्याचा तुकडा जमतो. तोंड आलेलं असेल तर मात्र हेच आंबट झोंबेल, मग मुगाची पातळ खिचडी, नाचणीचं सत्त्व, पेज. प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत : घट्ट वरण, पनीर, अंडं, मासा. सुकामेव्याचे लाडू आणि तुपातला शिरा भरवत राहण्याची गरज नाही. स्टिरॉइडमुळे या केमोत वजन कमी होण्यापेक्षा वाढतंच अनेकींचं.

गुळवेलीचा काढा, गव्हांकुरांचा रस, पपईच्या पानांचा रस, हळदीच्या कॅप्सूल हे सगळे सल्ले प्रेमाने येतात, म्हणून नाही म्हणणं जड जातं. तरी नाही म्हणा. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातच झालेल्या आहेत, आणि केमोचं औषध शरीरातून निकालात काढायचं काम बरंचसं यकृताचंच. कच्च्या रसात जंतू असतात. आमटीतली हळद खुशाल खा.

केस साधारण पंधराव्या ते एकविसाव्या दिवसांत जातात. आधी टाळू दुखते, वेणी ओढल्यासारखी. मग उशीवर, न्हाणीघराच्या जाळीवर पुंजकेच्या पुंजके. दहाव्या दिवसाच्या सुमारास केस बारीक कापून घेतले तर हा धक्का थोडा कमी बसतो. वस्तरा मात्र नको, काउंट खाली असताना कापलं तर जखम त्रास देते, ट्रिमर वापरा. सुती रुमाल बांधा, सिंथेटिक ओढणी घसरते आणि टोचते. केस परत येतात, ‘एसी’नंतरच्या औषधांवरही अवलंबून असतं, पण येतात. त्या आठवड्यात कुणी ‘केसच तर आहेत’ असं म्हणू नये. रडू येतं, येऊ द्यावं.

विसाव्या दिवशी पुन्हा रक्त. न्यूट्रोफिल साधारण १,५०० आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर असतील तर दुसरी सायकल ठरल्या दिवशी होते. काही डॉक्टर न्यूट्रोफिल १,०००लाही पुढे जातात. कमी असतील तर आठवडाभर थांबवतात. ही तुमची चूक नसते, खाणं कमी पडलं असंही नसतं, मगजाला वेळ लागतो इतकंच. दुसऱ्या वेळी डॉक्टरांसमोर वही उघडा : कोणत्या दिवशी किती उलट्या, शौचाला किती दिवस झालं नाही, ताप किती, झोप कशी. दुसऱ्या सायकलची औषधं या नोंदींवरूनच बदलतात. रुग्णालयाच्या फाटकाशीच मळमळ सुरू होत असेल तर तेही सांगा, त्यावर आदल्या रात्री घ्यायची वेगळी गोळी असते.

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी परतीचं तिकीट काढताना हा एक आठवडा हाताशी धरावा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबत्याला ७५ टक्के, आणि त्यासाठीचा ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालय भरून देतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी केमो सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर जा. टाटा रुग्णालयात उपचार घेताना परळला राहायची सोय हवी असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे आधी चौकशी करा. तिथे खोलीसाठी थांबावं लागतं, म्हणून पहिल्या सायकलनंतर लगेच पुढच्या तारखांसाठी नाव घाला.